हात कधी घालायचा, कधी आवरायचा: रोबोटिक्स स्पर्धेतल्या ह्युमन प्लेअरची तयारी

आमच्या टीमचं पहिलं वर्ष. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, चार स्कूटर हलवून मिळालेल्या जागेत रोबोट बांधला. प्रोग्रामिंग कोणी करायचं यावरून मुलांची भांडणं झाली. ड्रायव्हर कोण, यावरून तर दोन मुलांच्या आया आठवडाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. ह्युमन प्लेअर, म्हणजे मैदानाच्या कडेला उभं राहून रोबोटला खेळातल्या वस्तू देणारा, कोण, हा प्रश्न मात्र स्पर्धेच्या आदल्या रात्री सामान भरताना निघाला. ‘तो सातवीतला आहे ना, त्याला उभा करू. त्याला तसंही काही काम नाहीये.’ झाली निवड.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मॅचमध्ये त्या पोरानं रोबोट वस्तू ठेवायच्या आवारातून बाहेर पडायच्या आत तिथे हात घातला. एकदा नाही, दोनदा. रेफरीनं दोन्ही वेळा फाउल दिला आणि आम्ही तेवढ्याच गुणांनी हरलो. मॅच संपल्यावर तो माझ्याकडे येऊन विचारतो, ‘दादा, ते झेंडे कशाला दाखवत होते?’ नियम त्याला कोणी सांगितलाच नव्हता. सांगायचं काम माझं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे ह्युमन प्लेअरची निवड ड्रायव्हरच्याही आधी होते. ती कशी करायची, त्या मुलाकडून काय करून घ्यायचं आणि स्पर्धेच्या दिवशी काय पाहायचं, ते इथे क्रमानं लिहितो. शाळेची टीम असो वा सोसायटीची, बहुतेक गोष्टी सारख्याच लागू पडतील.

आधी हा माणूस नेमका कोण ते समजून घ्या

पुण्यात रोबोटिक्स स्पर्धा म्हटलं की डोळ्यासमोर रोबोकॉन येतं. साहजिक आहे. आशिया-पॅसिफिकची आंतरराष्ट्रीय रोबोकॉन २००८ आणि २०१४ अशी दोनदा पुण्यात झाली आणि २००८चा विषय तर चक्क दहीहंडीवर बेतलेला होता. पण रोबोकॉन कॉलेजच्या मुलांची, आणि तिथे मैदानातला माणूस मुख्यतः रोबोट चालवायला किंवा सुरू करायला असतो. इथे मी बोलतोय ते शाळकरी मुलांच्या ‘फर्स्ट’ स्पर्धांबद्दल. डीन केमन यांनी १९८९ साली अमेरिकेत ही संस्था काढली. तिच्या दोन मोठ्या स्पर्धा आपल्या कामाच्या: फर्स्ट टेक चॅलेंज म्हणजे एफटीसी, आणि १९९२पासून चालू असलेली फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन म्हणजे एफआरसी. एफटीसीचं मैदान बारा फूट बाय बारा फूट, प्रत्येक बाजूला दोन टीमची अलायन्स, म्हणजे युती. एफआरसीचं मैदान जवळपास ५४ फूट बाय २७ फूट, बाजूला तीन-तीन टीम आणि रोबोट इतका जड की तो उचलायला दोघं-तिघं लागतात. खेळाचा वेळ मात्र दोन्हीकडे अडीच मिनिटांच्या आसपासच. सुरुवातीचे काही सेकंद रोबोट स्वतःच्या प्रोग्रामवर चालतो, त्याला ऑटो म्हणतात. मग रिमोट हातात येतो, ते टेलिऑप.

या मैदानाच्या कडेला चार प्रकारची माणसं असतात. ड्रायव्हर रोबोट चालवतात, कोच सूचना देतो, एफआरसीत एक टेक्निशियन असतो, आणि चौथा ह्युमन प्लेअर. रोबोटला तो स्पर्श करत नाही, रिमोटही त्याच्या हातात नसतो. खेळातल्या वस्तू म्हणजे चेंडू, रिंगा, ठोकळे, पाइप मैदानात देणं, कधी स्वतः फेकून गुण मिळवणं, कधी नुसतं एक बटण दाबणं हे त्याचं काम. कोच म्हणून मोठा माणूस चालतो. ह्युमन प्लेअर मात्र विद्यार्थीच हवा.

‘देणं, फेकणं, दाबणं’ असं वाचलं की काम बिनडोक वाटतं. म्हणून मागच्या काही वर्षांचे खेळ पाहा.

२०२४च्या एफआरसीत, म्हणजे ‘क्रेसेन्डो’मध्ये, नारिंगी फोमच्या रिंगा होत्या. अलायन्सचा एक ह्युमन प्लेअर ‘अँप’ नावाच्या खिडकीपाशी उभा असे. रोबोटांनी अँपमध्ये दोन रिंगा टाकल्या की त्याला एक बटण दाबता येई. दाबलं की पुढचे दहा सेकंद, किंवा चार रिंगा पडेपर्यंत, ‘स्पीकर’ नावाच्या गोलमध्ये गेलेली प्रत्येक रिंग दोनऐवजी पाच गुणांची. हिशोब करा: चार रिंगांचे आठ गुण व्हायच्या जागी वीस. पण बटण दाबलं तेव्हा आपले रोबोट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असतील, तर ते येईपर्यंत दहा सेकंद संपलेले. बटण दाबायला बोट पुरतं, पण दाबायचं थांबवून ठेवायला पूर्ण मैदान डोक्यात लागतं.

२०२५चा ‘रीफस्केप’ याहून मजेदार. त्यात रोबोटनं ‘अल्गी’चा मोठा, सोळा इंची चेंडू प्रोसेसर नावाच्या खिडकीत टाकला की सहा गुण. पण तो चेंडू जायचा समोरच्या अलायन्सच्या ह्युमन प्लेअरच्या हातात! त्यानं तो फेकून त्यांच्या जाळ्यात घातला की त्यांना चार. म्हणजे समोरचा फेकणारा पक्का असेल तर आपल्या सहातले दोनच हाती उरतात. कच्चा असेल तर सहाच्या सहा. प्रोसेसर वापरायचा की नाही, हे समोर कोणतं मूल उभं आहे हे बघून ठरवायचे. रोबोटनं काय करावं ते माणसाच्या हातावर ठरतं, असा हा खेळ.

एफटीसीत २०२४-२५च्या ‘इन टू द डीप’मध्ये रोबोट ठोकळा आणून एका आवारात ठेवी. ह्युमन प्लेअर त्याला प्लास्टिकची क्लिप बसवी आणि रोबोट तो परत उचलून आडव्या दांडीवर लटकवी. वरच्या दांडीवर दहा गुण. रोबोट आवारात असताना हात घालायचा नाही, हा नियम. आमचं पोर पहिल्या वर्षी अशाच नियमात अडकलं होतं.

आता जरा आकडेमोड. एफटीसीत टेलिऑप १२० सेकंदांचं. समजा तुमचा रोबोट एक फेरी १२ सेकंदांत करतो आणि त्यातले दोन सेकंद नुसता ह्युमन प्लेअरची वाट बघत उभा असतो. दहा फेऱ्या होतात. ती वाट शून्यावर आणली तर फेरी १० सेकंदांची आणि फेऱ्या बारा. दोन फेऱ्यांचे वीस गुण, तेही एकही मोटर न बदलता. उलट बाजूनं, त्या मोसमात मोठा फाउल झाला की समोरच्यांना १५ गुण मिळायचे, म्हणजे दीड फेरी पाण्यात. त्यामुळे घाईनं वाचवलेला अर्धा सेकंद कधीच परवडत नाही. मी पुढे जे काही सांगणार आहे ते बहुतेक या एका तराजूवरच तोललेलं आहे.

पायरी १: मॅन्युअल ह्युमन प्लेअरच्या डोळ्यांनी वाचा

एफटीसीचा खेळ सप्टेंबरमध्ये जाहीर होतो, एफआरसीचा जानेवारीच्या सुरुवातीला. जाहीर झाल्यावर पहिल्या आठवड्यात सगळे रोबोटचं चित्र काढायला बसतात. त्याच आठवड्यात एका मुलाला बाजूला बसवा आणि गेम मॅन्युअलची एक वेगळी प्रत द्या. छापील. स्क्रीनवर वाचलेले नियम मुलं विसरतात, हा माझा अनुभव आहे, कोणाला पटो न पटो.

त्यानं हायलायटर घेऊन फक्त या प्रश्नांची उत्तरं शोधायची. मी कुठे उभा राहायचं, आणि ती रेषा माझ्या पायाला लागू आहे की हातालाही? ऑटो चालू असताना मला काय करता येतं? वस्तू मी हातात धरू शकतो की ठरावीक जागीच ठेवायला हवी? एका वेळी किती? मैदानाच्या भिंतीच्या आत हात कधी जाऊ शकतो? कोणती चूक छोट्या फाउलची आणि कोणती मोठ्या फाउलची? खाली पडलेली वस्तू मी उचलायची की नाही?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण मॅचमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ त्याचाच होतो. हातातून निसटलेला चेंडू घरंगळत मैदानात गेला की मूल प्रतिक्षिप्तपणे झेपावतं. घरी दूध उतू जाताना आपण जसे धावतो तसंच. ही झेप मोडायला महिनाभर लागतो.

उत्तरं एका कागदावर, स्वतःच्या शब्दांत, मराठीत लिहून घ्या. नियमाची इंग्रजी वाक्यं घोकून काही होत नाही. ‘रोबोट आत, हात बाहेर’ असं चार शब्दांत आलं म्हणजे कळलं. हा कागद पार्किंगच्या खांबाला चिकटवा. मोसम चालू असताना नियमांत दुरुस्त्या येत राहतात, टीम अपडेट म्हणून. त्या वाचून कागद सुधारणं हे या मुलाचंच काम, कोचचं नाही. दोन-तीन आठवड्यांत तो टीममधला नियमांचा जाणकार होतो. ड्रायव्हर त्याला विचारायला येतात तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पायरी २: निवड

इच्छुक सगळ्यांना संधी द्या आणि चाचणी घ्या. ओळखीवर, उंचीवर किंवा ‘क्रिकेट चांगलं खेळतो’ यावर निवडू नका. खेळात उंचावर फेकायचं असेल तर उंची आणि हात कामाला येतात हे खरं, पण क्रिकेटवाली मुलं जोरात फेकतात आणि इथे जोर क्वचितच लागतो.

आमची चाचणी अशी. जमिनीवर खडूनं एक चौकोन. एक मूल रिकामी बादली घेऊन रोबोटसारखं चौकोनात ये-जा करतं. उमेदवारानं बादली चौकोनाबाहेर गेल्यावरच चौकोनात वस्तू ठेवायची, आणि ती येण्याआधी हात काढायचा. तीन मिनिटं. सोबतीला दोघं-तिघं कडेनं ओरडत असतात: ‘टाक! टाक ना! अरे टाक!’ वस्तू किती ठेवल्या ते आम्ही मोजतच नाही. मोजतो ते एवढंच, की ओरडण्यामुळे हात किती वेळा लवकर गेला.

या चाचणीत दरवर्षी अनपेक्षित कोणी तरी पुढे येतं. आमची आजवरची सर्वांत भरवशाची ह्युमन प्लेअर ढोल-ताशा पथकात ताशा वाजवणारी मुलगी होती. तीन तास कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात पुढच्याच्या हाताकडे डोळे लावून थांबायचं आणि इशारा आला की त्याच ठोक्याला सुरू व्हायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. दुसरा एक चांगला निघाला तो खो-खोतला. पाठीला हात लागल्याशिवाय आणि ‘खो’ ऐकल्याशिवाय उठायचं नाही, ही शिस्त त्याला शाळेच्या मैदानावर मिळाली होती. खो-खोचे नियम पहिल्यांदा नीट बांधले गेले ते १९१४ साली पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावर. त्याचा आम्हाला फायदा मिळायला शंभर वर्षं जावी लागली!

एक नव्हे, दोघांना निवडा. राखीव गडी हवाच. फेब्रुवारीत कोणाला तरी ताप येतो, नाही तर कोणाची तोंडी परीक्षा निघते.

पायरी ३: सरावाची जागा उभी करा

पूर्ण मैदान बांधायला पैसे आणि जागा दोन्ही लागतं. पण ह्युमन प्लेअरच्या सरावाला मैदानाचा एक कोपरा पुरतो. एफटीसीत सहा बाय सहा अशा ३६ फोमच्या फरशा असतात, एकेक दोन फुटांची. त्यांपैकी चार आणि फूटभर उंचीची भिंत एवढ्यावर आमचं तीन वर्षं भागलं. भिंत प्लायवूडची. फोमच्या फरश्या जिमला लागणाऱ्या एकमेकींत अडकणाऱ्या मॅट म्हणून सहज मिळतात, फक्त दातांची जागा आणि जाडी मूळ फरशीशी ताडून पाहा.

खेळाच्या अस्सल वस्तू महाग पडतात. निदान दोन-चार अस्सल मागवा आणि बाकीच्या जुळवा. रविवार पेठेत बोहरी आळीत पाइप, रबर, स्पंज, दोऱ्या, पट्ट्या सगळं एका फेरीत होतं. बटणं, दिवे, बझर तापकीर गल्लीत. ‘रीफस्केप’च्या वर्षी फूटभर लांबीचे चार इंची पीव्हीसी पाइप लागत. आपल्याकडचा ११० मिलिमीटरचा पाइप दिसायला तोच, पण बाहेरून थोडा बारीक भरतो. हाताच्या सरावाला चालतो, रोबोटच्या पंजाची मापं मात्र अस्सल तुकड्यावरच घ्या. आम्ही हे उलट केलं होतं. पंजा परत कापावा लागला आणि त्या पाइपातून अजून आमचे वॉचमनकाका तुळशीला पाणी घालतात.

फेकायचे चेंडू असतील तर हवेचा दाब दर सरावाआधी सारखा करा. मऊ चेंडू आणि टणक चेंडू यांचा उडण्याचा मार्ग वेगळा असतो. सकाळी शेडमध्ये भरलेला चेंडू दुपारी उन्हात फुगलेला असतो, मग मूल म्हणतं, ‘माझा हात आज बिघडलाय.’

पायरी ४: हाताचा सराव

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या. आमच्याकडे तो चार टप्प्यांत चालतो आणि एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही.

पहिल्या टप्प्यात घड्याळ नसतं. वस्तू उचलणं, वळवणं, ठेवणं, हात बाहेर. दररोज पन्नास वेळा. ठेवलेली वस्तू प्रत्येक वेळी त्याच जागी आणि त्याच तोंडानं आली पाहिजे. रोबोटचा पंजा दोन बोटं इकडेतिकडे चालवून घेतो, चार बोटं नाही. मैदानावर खुणेची पट्टी लावता येत नाही. म्हणून आमची मुलं फरश्यांचा सांधा खूण म्हणून वापरतात: ‘सांध्यापासून एक वीत डावीकडे.’ तिथे स्वतःच्या हाताचं माप उपयोगी पडतं, कारण ते मैदानावर न्यायला कोणी हरकत घेत नाही.

दुसरा टप्पा फेकण्याचा, खेळात फेकणं असेल तरच. दोन्ही हातांनी डोक्यावरून, छातीपासून, खालून, अशा तीन पद्धतींनी प्रत्येकी वीस फेका आणि मोजा. ज्या पद्धतीत सर्वांत जास्त पडतात ती ठेवा, भले ती दिसायला कशीही असो. मोठा, हलका चेंडू असेल तर हवा त्याला अडवते आणि जोर वाढवला तरी अंतर त्या मानानं वाढत नाही. अशा वेळी उंच आणि संथ कमान उपयोगी. रिंग असेल तर तिला सपाट फिरकी देऊन सोडावं लागतं. ‘क्रेसेन्डो’त शेवटच्या वीस सेकंदांत ह्युमन प्लेअरला स्टेजवरच्या उभ्या मायक्रोफोनवर रिंग फेकता येई. आम्ही झाडूचा दांडा बादलीत वाळू भरून उभा केला आणि संध्याकाळी सोसायटीतली सगळी पोरं रिंगा फेकायला जमली. आमच्या ह्युमन प्लेअरपेक्षा तिसरीतली एक मुलगी जास्त चांगली फेकत होती. वय बसत नव्हतं, नाही तर घेतलीच असती.

वीसपैकी चौदा पडायला लागले की पायांची जागा बदला. मॅचमध्ये नेहमी मनाजोगती जागा मिळेल असं नाही, शेजारी दुसऱ्या टीमचं मूल कोपर लावून उभं असतं.

तिसरा टप्पा थांबण्याचा. हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा. निवडीच्या वेळची बादली परत आणा, पण आता ती फसवते. बाहेर जातेय असं दाखवून आत वळते, रेषेवर अर्धी थांबते, आत अडकून बसते. मुलानं प्रत्येक वेळी मोठ्यानं ‘आत’ किंवा ‘बाहेर’ म्हणायचं आणि ‘बाहेर’ म्हटल्याशिवाय हात हलवायचा नाही. बोलण्याची अट मुद्दाम आहे. तोंडाने शब्द काढेपर्यंत हाताला उशीर होतो, आणि तेवढाच उशीर आपल्याला हवा असतो. अर्ध्या बादलीचं काय? रेषेवर असेल तर ‘आत’च समजायचं. संशयाचा फायदा रेफरीला.

हात थांबलेला असतो तेव्हा डोळे कुठे असावेत, हेही शिकवावं लागतं. वस्तूकडे नाही, रोबोटच्या चाकांकडे. पंजा, हात, दिवे सगळं फसवतं. चाकं फिरायला लागली की रोबोट निघाला.

चौथ्या टप्प्यात घड्याळ आणि हिशोब. रोबोट आवाराबाहेर गेल्यापासून पुढची वस्तू तयार होईपर्यंत किती सेकंद, ते मोबाइलवर चित्रण करून नंतर मोजा. रोजचा आकडा वहीत. आमच्या मुलांचा वेळ पहिल्या आठवड्यात चार सेकंदांच्या आसपास असतो, महिन्यानं दोनवर येतो. त्याखाली आणायचा हट्ट मी करत नाही. दोनच्या खाली गेलं की फाउल वाढायला लागतात.

पायरी ५: खुणांची भाषा

स्पर्धेच्या हॉलमध्ये गाणी, निवेदक, भोंगे आणि पालक. यातले पालक सर्वांत मोठ्यानं. ड्रायव्हर मैदानाच्या एका बाजूला, ह्युमन प्लेअर कधी कधी दुसऱ्या टोकाला. हाका ऐकू येतील असं समजूनच चालू नका.

हाताच्या खुणा ठरवा, आणि त्या चारच ठेवा. आमच्या अशा: मूठ वर म्हणजे वस्तू तयार आहे. उघडा पंजा म्हणजे थांब, येऊ नकोस. बोट खाली म्हणजे वस्तू संपल्या. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे काहीतरी बिघडलंय, कोचकडे बघ. सुरुवातीला आम्ही अकरा खुणा केल्या होत्या. पहिल्या सरावात मुलगा रहदारी पोलिसासारखा हात हलवत होता आणि ड्रायव्हरला हसू आवरेना.

कोचशी बोलायचं असेल तिथे शब्दही ठरवलेले असावेत, एकेका शब्दाचे, एकमेकांशी न मिळणारे. ‘दे’ आणि ‘ये’ हे दोन शब्द एकत्र कधीच ठेवू नका. हॉलमध्ये दोन्ही सारखेच ऐकू येतात, ही चूक आम्ही महिनाभर केली. आता ‘दे’ऐवजी ‘सोड’ म्हणतो.

बटण असलेल्या खेळात बटण दाबायचा हुकूम कोणाचा, हे आधीच ठरवा. माझं मत: कोचचा. पण कोच दुसरीकडे बघत असेल तर ह्युमन प्लेअरनं विचारायचं, स्वतः ठरवायचं नाही. दोन वर्षं सोबत खेळलेली टीम असेल तर वेगळं.

पायरी ६: रोबोट बांधतानाच ह्युमन प्लेअरला खोलीत बसवा

बहुतेक टीम रोबोट आधी पूर्ण करतात आणि मग ह्युमन प्लेअरला दाखवतात. तोवर उशीर झालेला असतो. पंजाची उंची, कोन, वस्तू कोणत्या बाजूनं घ्यायची, हे ठरत असताना ह्युमन प्लेअर तिथे हवा. माणसाच्या हाताला जे सोपं जातं ते रोबोटला सोपं करता येतं का, ते बघा. आमच्या एका रोबोटला वस्तू उभी लागायची. उभी ठेवली की ती पडायची. आठवडाभर मूल वस्तू उभी करायचा सराव करत राहिलं. शेवटी प्रोग्रामरनं पंजा पंचवीस अंश फिरवला आणि प्रश्न पाच मिनिटांत मिटला.

रोबोटवर एक दिवा लावा, वस्तू पकडली की रंग बदलणारा. ड्रायव्हरपेक्षा त्याचा उपयोग ह्युमन प्लेअरला जास्त, कारण रोबोटचं तोंड भिंतीकडे असतं तेव्हा पंजा फक्त त्यालाच दिसतो.

पायरी ७: खोटी मॅच

शेवटचे तीन आठवडे, जमलं तर आठवड्यातून दोनदा. भोंगा, घड्याळ, स्पीकरवर गाणी. एक मूल रेफरी होतं आणि त्याला चूक सापडेल तिथे फाउल द्यायची मोकळीक असते. आमच्याकडे हे काम राखीव ह्युमन प्लेअर करतो. त्याच्याइतके बारीक डोळे कोणाचे नसतात, कारण समोरचा चुकला तर त्याची संधी येते.

मॅचमध्ये मुद्दाम बिघाड घाला. एकदा रोबोट मध्येच बंद पाडा. एकदा खाली वस्तू टाका. एकदा ड्रायव्हरला चुकीच्या जागी यायला सांगा. रोबोट बंद पडला की ह्युमन प्लेअरनं काय करायचं? आपल्या रोबोटसाठी साठवलेल्या वस्तू अलायन्समधल्या दुसऱ्या रोबोटकडे वळवायच्या. हे त्या क्षणी सुचत नाही, आधी करून पाहिलेलं असावं लागतं.

सोसायटीच्या सभासदांना एक दिवस आधी सांगून ठेवा. आवाजाची तक्रार आली की पुढचा आठवडा गेला म्हणून समजा. दुपारी दोन ते चार तर नकोच, हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

पायरी ८: स्पर्धेचा दिवस

सुरक्षेचा चश्मा आणि बंद बूट. चपलेवर आलेलं मूल मैदानाशी उभं राहू देत नाहीत. चश्मेवाल्या मुलांसाठी वरून बसणारा मोठा चश्मा आधीच घ्या आणि तो घालून सराव करून घ्या, कारण कडेनं दिसणं कमी होतं. हुडीची दोरी, लांब ओढणी, सैल बाह्या नकोत. केस बांधलेले.

प्रत्येक मॅचआधी रांगेत उभं असताना अलायन्सच्या दुसऱ्या टीमच्या ह्युमन प्लेअरला शोधून बोलायला पाठवा. कोणी कुठे उभं राहायचं, वस्तू कोणाच्या रोबोटला आधी, बटण कोणाकडे, हे तीन प्रश्न. ती टीम कदाचित चेन्नईची असेल, कदाचित मुंबईची. मुलं लाजतात, इंग्रजीत बोलायचं म्हणून आणखीच. हे तीन प्रश्न घरी इंग्रजीतून, हिंदीतून पाठ करून घ्या. माझ्या मते या मुलाला स्पर्धेतून मिळणारी खरी कमाई तीच, कारण ड्रायव्हरला मैदानावर इतकं बोलावं लागत नाही.

समोरच्या अलायन्सचा ह्युमन प्लेअर बघून ठेवायलाही आपलाच पाठवा. त्याला काय बघायचं ते कळतं. ‘उजव्या हातानं फेकते, घाईत डावीकडे जातं’ एवढी नोंद कोचला पुरते.

मॅचनंतर पिटमध्ये, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या जागी, परत येताना वहीत चार ओळी: किती वस्तू दिल्या, किती वेळा रोबोट थांबला, फाउल किती, आणि कशामुळे. जिंकलो का हरलो ते लिहायचं नाही. ते बोर्डावर दिसतंच.

फाउलबद्दल शंका असेल तर रेफरीकडे जायचा अधिकार विद्यार्थ्याचाच असतो. मोठ्यांनी तिथे जायचं नाही. ते काम ह्युमन प्लेअरकडेच द्या, कारण मॅन्युअलचा नियम क्रमांक त्याला पाठ असतो. गेल्या खेपेला आमची ती ताशावाली मुलगी गेली होती. नियम वाचून दाखवला, रेफरीनं ऐकून घेतलं आणि फाउल कायम ठेवला. परत येऊन म्हणाली, ‘बरोबर होते ते, माझं कोपर आत होतं.’ आणि तिनं वहीत ‘कोपर’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.